आधी पिना, मग नळी: रेमिंग्टन नंबर ४ च्या नोंदी

माझं गॅरेज ओहायोत आहे. लेथ जुना, मिलिंग मशीन शेजाऱ्यांचं. हे शेजारी निवृत्त टूल-अँड-डाय मेकर, म्हणजे कारखान्याची हत्यारं आणि साचे बनवणारे कारागीर आहेत, वय ८१, आणि फुकट सल्ला देताना अजिबात दयामाया दाखवत नाहीत. दुसरे सल्लागार अण्णा, म्हणजे माझे वडील. त्यांनी इचलकरंजीत चाळीस वर्षं यंत्रमागाचे सुटे भाग केले. ते व्हॉट्सॅपवर असतात, आमच्या सकाळी आणि त्यांच्या संध्याकाळी.

भारतातल्या वाचकांना एक गोष्ट आधीच सांगतो. जुन्या बंदुकीच्या सांगाड्यावर पुन्हा चालती रायफल उभी करणं, हे तिकडे घरी करायचं काम नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात सुटा भागही शस्त्रच धरला जातो. नोंदी वाचा, शिकण्यासारखं त्यात लेथचं आणि कानशीचं आहे.

१९ ऑक्टोबर २०२४

सांगाडा आला. रेमिंग्टन नंबर ४, रोलिंग ब्लॉक (नळीचं मागचं तोंड फिरत्या ठोकळ्याने, म्हणजे ब्लॉकने, बंद होतं), पॉइंट टू टू, म्हणजे ०.२२ इंची काडतुसाची. १८९० ते १९३३ या काळात न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनच्या कारखान्यात बनलेली पोरांची रायफल. हातात आलाय तो फक्त रिसीव्हर, म्हणजे मधला सांगाडा. नळी, ब्लॉक, घोडा, स्प्रिंग, दस्ता यातलं काहीच नाही. किंमत ८५ डॉलर.

माझा रिसीव्हर टेकडाउन प्रकारचा आहे, म्हणजे उजव्या बाजूची कळ फिरवली की नळी बाहेर येते. हा प्रकार विसाव्या शतकातला. इथल्या केंद्रीय कायद्याने १८९८ किंवा त्याआधी बनलेलीच बंदूक ‘अँटिक’. म्हणजे ही वयाने म्हातारी असली तरी कायद्याने रीतसर फायरआर्म. पार्सल घरी येत नाही, परवानाधारक दुकानदाराकडे जातं. तिथे ४४७३ नंबरचा फॉर्म भरा, मग पार्श्वभूमीची तपासणी, मग हातात. दुकानदाराचे ३० डॉलर. मी एच-वन व्हिसावर होतो तोवर या भानगडीत पडलो नव्हतो. त्या व्हिसावर मुळात मनाईच आहे, शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर. ग्रीन कार्ड आलं आणि मग दुकानाची पायरी चढलो.

अण्णांना फोटो पाठवला. उत्तर आलं, “रेमिंग्टन म्हणजे टाइपरायटरवाली का?” तीच. कारखाना बंदुकांचा होता आणि त्यांनी १८७३ पासून टाइपरायटर बनवायला घेतले. कोर्टाबाहेर टपरीत बसून अर्ज बडवणाऱ्यांमुळे आमच्याकडे ते नाव टाइपरायटरचंच होऊन बसलं. इलियनचा कारखाना मार्च २०२४ मध्ये बंद झाला. माझं खोकं त्यानंतर सात महिन्यांनी उघडलं.

२ नोव्हेंबर

केरोसीनमध्ये आठवडाभर बुडवून ठेवला होता. कोणीतरी पूर्वी वायर ब्रशने घासलाय, त्यामुळे पृष्ठभागावरचे रंग गेलेत. मूळ रिसीव्हर केस-हार्डन केलेला, म्हणजे वरचा थर कडक केलेला असतो, त्यावर निळे-तपकिरी ढग दिसतात. ते परत आणायचे नाहीत असं ठरवलं. त्यासाठी सांगाडा लाल होईपर्यंत तापवावा लागतो, त्यात तो वाकू शकतो, आणि वाकला तर ८५ डॉलर आणि सगळी कहाणी कचऱ्यात.

महत्त्वाचं म्हणजे पिनांची भोकं. रोलिंग ब्लॉकमध्ये सगळा कारभार दोन आडव्या पिनांवर चालतो. पुढच्या पिनेवर ब्लॉक फिरतो, मागच्या पिनेवर घोडा. घोडा पडला की त्याचा खांदा ब्लॉकच्या खाली येऊन बसतो आणि ब्लॉकला मागे हलू देत नाही. कुलूप म्हणतात ते एवढंच. म्हणजे दोन पिना ढिल्या तर कुलूप ढिलं. माझी भोकं मागच्या अंगाला झिजून लांबट झालीत, पुढचं जास्त. मी डायरीत लिहिलं: ‘नंतर बघू.’ या दोन शब्दांची किंमत फेब्रुवारीत मोजली.

२३ नोव्हेंबर

नळी मिळाली, ७० डॉलर. अष्टकोनी, साडेबावीस इंची, बाहेरून चांगली. आतून मोरी. काळी दारू, त्यानंतरच्या जमान्यातल्या काडतुसांच्या कडेतला गंज आणणारा पेटवणीचा मसाला आणि न पुसता ठेवायची सवय यांनी रायफलिंग, म्हणजे नळीच्या आतले पिळाचे चर, खाऊन टाकलंय. इलाज ठरलेला आहे. जुनं भोक मोठं करायचं आणि त्यात नवी, रायफलिंग केलेली पातळ नळी बसवायची. तिला लायनर म्हणतात. मी घेतला तो १६ इंचात एक पीळ असलेला, पॉइंट टू टू लाँग रायफलसाठीचा नेहमीचा पीळ.

घोडा, ब्लॉक, चाप आणि खालची पट्टी असं मिळून ११० डॉलरला वेगळं मिळालं. तीन वेगवेगळ्या बंदुकांचे अवशेष असावेत, कारण एकाचाही रंग दुसऱ्याशी जुळत नाही.

७ डिसेंबर

ड्रिलिंग. ५/१६ इंचाचं खास ड्रिल असतं, त्याच्या टोकाला जुन्या भोकात सरकणारी पायलट असते. ६० डॉलर. दांडा लांब हवा म्हणून मी त्याला पोलादी सळई जोडली, चांदीचा डाख लावून.

नळी लेथमध्ये फिरती, ड्रिल टेलस्टॉकमध्ये, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधारात, स्थिर. दर अर्ध्या इंचाला बाहेर काढायचं, कीस झटकायचा, तेल सोडायचं, पुन्हा आत. अकरा इंचांपर्यंत मी हे इमानेइतबारे केलं. मग कंटाळा आला आणि एकदम इंचभर गेलो. कीस दाटला, ड्रिल अडकलं, डाख सुटला. सळई माझ्या हातात, ड्रिल नळीच्या पोटात.

पुढचे तीन तास: नळी उभी टांगली, मागून डिझेल आणि ॲसिटोन सोडलं, दुसऱ्या तोंडाने पितळी दांडा घालून हलके ठोके दिले. ड्रिल सुटलं, धार वाचली. शेजारी येऊन बघून गेले. म्हणाले, लांब भोकात घाई करणाऱ्याला ते भोकच शिकवतं. दुसऱ्या दिवशी पाव-पाव इंचाने उरलेलं पूर्ण केलं, साडेचार तास लागले.

४ जानेवारी २०२५

आजचा दिवस वाया.

लायनर चिकटवायला मी धातू धरून ठेवणारं हिरवं द्रव वापरायचं ठरवलं. कारण पुढे नळी काळी करताना तासन्‌तास उकळत्या पाण्यात ठेवायची आहे आणि हे द्रव दीडशे अंशांपर्यंत टिकतं. सुकं बसवून पाहिलं तेव्हा लायनर बोटाने ढकलला तरी सरकत होता. सगळं ॲसिटोनने पुसलं, द्रव लावलं, घालायला सुरुवात केली. अठरा इंच लोण्यासारखा गेला. हातमोजा फाटला म्हणून थांबलो, जास्तीत जास्त दीड मिनिट. परत धरला तर खांबासारखा घट्ट. साडेचार इंच बाकी.

हे द्रव हवेत सुकत नाही. हवा तुटली आणि दोन्ही बाजूंनी स्वच्छ धातू मिळाला की घट्ट होतं. फट जितकी कमी आणि ऊब जितकी जास्त तितकं लवकर. आणि मी शहाणा, हात गारठू नयेत म्हणून गॅरेजात दोन तास हीटर लावून बसलो होतो.

सोडवायला सुमारे अडीचशे अंश लागतात. हॉट एअर गन आणि एक छोटा टॉर्च, दोघं मिळून नळी तापवली, लायनर लेथच्या चकमध्ये धरला आणि नळी खेचली. चौथ्या झटक्याला आली. लायनरवर ओरखडे आले, पण बाहेरच्या अंगाला. आतलं रायफलिंग शाबूत.

१२ जानेवारी

हीटर बंद, दार उघडं, गॅरेजात उणे ६. नळी आणि लायनर रात्रभर तिथेच ठेवले होते. लायनरच्या तोंडात रबरी बूच, म्हणजे द्रव आत जाणार नाही. हातमोजे दोन जोड. थांबायचं नाही, फिरवत फिरवत ढकलायचं. बावीस सेकंदांत आरपार. मग नळी घरात आणून दिवाणखान्यात दोन दिवस ठेवली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी सोफ्यामागे काय आहे ते विचारलं. बायकोने “पडद्याचा रॉड” असं सांगून वेळ निभावली.

१ फेब्रुवारी

चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसायची जागा, कापला. रीमर, म्हणजे भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार, भाड्याने, ४५ डॉलर. पॉइंट टू टूमध्ये काडतुसाची कडा, म्हणजे रिम, नळीच्या तोंडावर टेकते. ब्लॉक बंद झाल्यावर त्या रिमसाठी किती जागा उरते त्यावर सगळी सुरक्षितता. जागा कमी तर ब्लॉक बंद होत नाही. जास्त तर काडतूस मागे सरकतं, पितळ फुटू शकतं आणि तो गरम वायू डोळ्याकडे येतो. मोजायला दोन गेज: ४३ थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) गेजवर ब्लॉक बंद व्हायलाच हवा, ४६ थाऊच्या गेजवर होता कामा नये. दोन्हींचे मिळून ४० डॉलर.

हाताने रीमर फिरवत, दर दोन-तीन थाऊंना गेज लावत गेलो. ४३ वर बंद, ४६ वर नाही. सुंदर. फोटो काढला, अण्णांना पाठवला. अण्णांचा एकच प्रश्न: “पिना केल्यास का?”

नाही केल्या. जुन्या, झिजलेल्या पिना तात्पुरत्या घालून मोजलं होतं.

“मग कशावरनं मोजलंस?”

८ फेब्रुवारी

पिना. नोव्हेंबरात ‘नंतर बघू’ म्हटलं होतं त्याचा हा हिशेब.

लांबट भोकं गोल करायची, थोडी मोठी करायची, आणि त्या मापाच्या जाड पिना करायच्या. साधा एचएसएस, म्हणजे हाय-स्पीड स्टीलचा, रीमर लावला, २२ डॉलरचा. केस-हार्डन पृष्ठभागावर तो किंचाळला आणि दुसऱ्या फेरीत दोन दात गेले. मग ३८ डॉलरचा, जास्त कडक, कार्बाइड रीमर आणला. पुढचं भोक हाताने केलं. दिसायला गोल झालं. पिना ड्रिल रॉडच्या केल्या. अण्णा त्याला सिल्व्हर स्टील म्हणतात. हार्डन करून, टेंपर करून (परत थोडं तापवून ठिसूळपणा घालवून), घासून बसवल्या. ब्लॉक आता लोण्यात सुरी जावी तसा फिरतो, बाजूला तिळभर हालत नाही.

मग गेज लावला. ४६ वर ब्लॉक आरामात बंद. गेजच्या मागे शिमच्या, म्हणजे ठरलेल्या जाडीच्या पातळ पत्र्याच्या, पट्ट्या घालत गेलो, जागा भरली ४८ ला.

झालं असं की रीमर हातात धरला तर तो भोकाची जुनी वाट पकडतो. भोक मागच्या अंगाला झिजलेलं, म्हणून नवं भोकही मागे सरकलं, त्याच्यासोबत पिन, पिनेसोबत ब्लॉक. पिना आधी केल्या असत्या तर चेंबर त्यांच्या मापाने कापला असता आणि हा प्रश्नच उद्भवला नसता. शेजाऱ्यांनी घोड्याचं भोक मात्र त्यांच्या मिलिंग मशीनवर, डायल लावून, मूळ केंद्र शोधून केलं. वीस मिनिटं. मी हाताने दोन तास घालवले होते.

१५ फेब्रुवारी

दुरुस्ती. जिथे नळीचा अष्टकोनी भाग रिसीव्हरला टेकतो तो खांदा ४ थाऊ कापायचा. नळी तेवढी मागे जाते आणि रिमची जागा ४४ होते. टेकडाउन असल्याचा फायदा इथे कळला. आट्यांची नळी असती तर अष्टकोनाची बाजू परत वर यायला अख्खा फेरा घ्यावा लागला असता आणि चेंबर पुन्हा कापावा लागला असता. इथे कळीच्या पिनेची खाच थोडी कानशीने मोकळी केली आणि काम झालं. खांदा कापायला दहा मिनिटं. कापायला धीर यायला आठवडा.

४३ वर बंद, ४६ वर नाही. या वेळी फोटो पाठवला नाही.

८ मार्च

घोड्याची स्प्रिंग. चपटी, पानासारखी. मिळाल्या त्या सगळ्या मोठ्या रोलिंग ब्लॉकच्या, म्हणून स्प्रिंग स्टीलची पट्टी घेतली (१८ डॉलर, चार स्प्रिंगांपुरती).

पहिली: पाणी दिलं, टेंपर कमी झाला. तिसऱ्यांदा घोडा ओढला आणि टक्कन दोन तुकडे. एक तुकडा अजून सापडलेला नाही.

दुसरी: घाबरून टेंपर जास्त केला. मोडली नाही, पण वाकली ती वाकलीच. घोडा पडतो की झोपतो कळेना.

अण्णांना व्हिडिओ कॉल. ते म्हणाले, गॅरेजातला दिवा बंद कर आधी. उजेडात लाल रंग फिका दिसतो आणि माणूस जास्त तापवतो. “डाळिंबाच्या दाण्याचा रंग आला की तेलात टाक. टोमॅटोचा आला म्हणजे पुढे गेलास.” मी सोबत लोहचुंबक ठेवलं. पोलाद सुमारे ७७० अंशांना चुंबकाला चिकटेनासं होतं, त्याच्या जरा पुढे गेलं की तेल. चुंबक आणि डाळिंब दोघांनी एकाच क्षणी होकार दिला. टेंपरला पट्टी आडवी धरून वर तेल घातलं, तेल पेटेपर्यंत तापवलं, जळून जाऊ दिलं, असं तीनदा. माग दुरुस्त करताना अण्णा असंच करायचे.

तिसरी चालली. कानशीच्या आडव्या ओरखड्यातून भेग सुटते म्हणून पट्टी लांबीच्या दिशेने घासून चकचकीत केली होती. पहिलीत ते केलं नव्हतं. तुटलेल्या जागी ओरखडा स्पष्ट दिसतोय.

३० मार्च, पाडवा

गुढी उतरवेपर्यंत नळी काळी करून होईल असा अंदाज होता. नाही झाली.

पद्धत जुनी आहे. नळीवर मुद्दाम गंज चढवायचा आणि ती पाण्यात उकळायची. तांबडा गंज काळा होतो. वरची भुकटी बारीक स्टील वूलने पुसायची. परत गंज, परत उकळ. सहा-सात फेऱ्यांत खोल काळा रंग येतो. भांडं म्हणून पत्र्याची लांब कुंडी घेतली, घराबाहेर गॅसच्या दोन शेगड्यांवर.

पहिल्या फेरीनंतर नळीवर पांढरट ओघळ. नळाचं पाणी! इथलं पाणी क्षारांनी भरलेलं, किटलीत दर महिन्याला थर बसतो हे माहीत असूनही तेच भरलं. डिस्टिल्ड पाण्याचे कॅन आणले. दुसऱ्या फेरीनंतर ठिपके, जिथे गंज धरलाच नाही. हे शोधायला दोन दिवस गेले. बोटांचे ठसे नव्हेत, मी मोजे घातले होते. दोष स्टील वूलचा. दुकानातलं स्टील वूल गंजू नये म्हणून तेल लावून येतं, आणि मी प्रत्येक फेरीत नळीला तेलाने पुसत होतो. वूल ॲसिटोनमध्ये धुऊन वाळवलं, नळी पॉलिश पेपरने परत पांढरी केली आणि शून्यापासून सुरुवात.

१३ एप्रिल

आठ फेऱ्या. गंज चढवायला न्हाणीघर वापरलं, गरम पाण्याची बादली आणि दार बंद, सहा-सहा तास. रंग काळ्या बोराच्या सालीसारखा आलाय. अष्टकोनाच्या कडा धारदार राहिल्या, कारण पॉलिश करताना पेपर कानशीभोवती गुंडाळला होता. लायनर हललेला नाही. रिसीव्हर करडाच ठेवला, नुसतं तेल. द्रावण आणि पाणी मिळून ३५ डॉलर.

१० मे

दस्ता. अक्रोडाचा अर्धवट कापलेला ठोकळा, ६५ डॉलर. सांगाड्याच्या मागे दोन पट्ट्या निघतात, एक वर एक खाली, त्या लाकडात रुतवायच्या. कुठे टेकतंय ते कळायला धातूला काळं लावून दाबायचं आणि डाग पडला तिथलंच लाकूड खरवडायचं. बाजारातलं रसायन महाग. मी समईच्या वातीवर काजळ धरलं, व्हॅसलीनमध्ये कालवलं. बाळाला लावायच्या काजळापेक्षा जरा पातळ. उत्तम चालतं, मात्र कपड्यांवरून निघत नाही.

चाळीस-पन्नास वेळा बसव-काढ. छान घट्ट बसला म्हणून स्क्रू आवळला, आणि मनगटाजवळ बारीक आवाज. दोन इंची भेग. वरच्या पट्टीचं मागचं टोक लाकडाला टेकत होतं, तिथे पाचर ठोकल्यासारखं झालं. त्या टोकाच्या मागे कागदाच्या जाडीची फट सोडायची असते. जोर यायला हवा रिसीव्हरच्या रुंद मागच्या तोंडावर. भेगेत पातळ इपॉक्सी ओढून घेतलं, आतून पितळी पिन घातली, जवसाच्या तेलाचे नऊ हात दिले. भेग कुठे आहे ते माहीत असेल तरच दिसते.

स्क्रूंबद्दल थोडक्यात: जुन्या कारखान्याचे आटे आजच्या एकाही मापात बसत नाहीत. आटे पाडायची डाय शोधत बसू नका, सरळ लेथवर कापा.

७ जून

रेंज. पहिल्या पाच गोळ्या रायफल जुन्या टायरला बांधून, चापाला दहा हात दोरी लावून, स्वतः आडोशाला. काडतुसं कमी वेगाची, स्टँडर्ड व्हेलॉसिटी. हाय व्हेलॉसिटी या सांगाड्यात कधीही घालणार नाही. प्रत्येक केस, म्हणजे काडतुसाचं रिकामं पितळी कवच, भिंगाखाली पाहिली. फुगवटा नाही, भेग नाही, काजळी मागे आलेली नाही.

मग हातात घेतली. दहापैकी चार फुसक्या. फायरिंग पिनेचा ठसा रिमवर पडतोय पण उथळ. घोड्याच्या बाजूला चमकदार पट्टा दिसला. तो सांगाड्याला घासत होता, स्प्रिंगचा निम्मा जोर तिथेच संपत होता. वेगवेगळ्या बंदुकांच्या अवशेषांचं लग्न लावलं की असं होतं. घरी येऊन बाजू चार थाऊ घासली.

१४ जून

तीसपैकी तीस. पंचवीस यार्डांवर, उघड्या माशीवर, म्हणजे दुर्बिणीशिवाय नेम धरून, पाच गोळ्या दीड इंचात. माझे डोळे ५२ वर्षांचे आहेत, बंदुकीला दोष देत नाही. शेजाऱ्यांनी मागून मागून घेतली आणि इंचात मारल्या, वर काही बोललेही नाहीत.

हिशेब: ड्रिल रॉडचे १२ आणि लायनर-द्रवाचे ७५ धरून ७०५ डॉलर, आणि अंदाजे १२० तास. एवढ्यात चालू अवस्थेतली अख्खी नंबर ४ आली असती, वर काडतुसांचे खोके.

राहिलेलं काम: नळी तापली की एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे रिकामी केस बाहेर ओढणारा भाग, रिमवरून घसरतो आणि केस चाकूच्या टोकाने काढावी लागते. त्याचा ओठ झिजलाय. नवा करायचा आहे, सिल्व्हर स्टीलचा तुकडा उरलाय. या वेळी आधी मोजणार.